सुट्टीत नातेवाइकांकडे उतरायचं की हॉटेलात? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

सुट्टीत नातेवाइकांकडे जायचं ठरलं की तिकिटं आधी निघतात. उतरायचं कुठे, हा प्रश्न मात्र ‘बघू नंतर’ म्हणून मागे राहतो. मग ऐन वेळी कळतं की त्याच दिवसांत घरी आणखी पाहुणे येणार आहेत, आणि तोवर जवळची हॉटेलं भरलेली असतात. लग्नानंतर पहिल्यांदा जोडीने जाणारे, तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदा प्रवास करणारे आणि स्वतःच्या घरी पहिल्यांदाच मुक्कामाचे पाहुणे बोलावणारे, अशांसाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगते. कुणाचं कुणावर किती प्रेम आहे, या अंगाने हा प्रश्न सोडवायला गेलात तर तो सुटत नाही आणि मनंही दुखावतात. रात्री किती, झोपायला जागा कशी, बाथरूम किती, बरोबर कोण आहे आणि खर्च कसा बसतो, एवढं मांडलं की बहुतेक वेळा उत्तर समोर येतं. त्यानंतर उरतं ते नीट बोलणं. ते महत्त्वाचं आहे, पण ते हिशोबानंतर.

पायरी १: रात्री मोजा

‘चार-पाच दिवस येतोय’ असं मोघम बोलू नका. किती रात्री झोपायचं आहे ते मोजा, कारण घरावर भार पडतो तो रात्रीचा आणि सकाळचा. दिवसा माणसं बाहेर पडतात, पांगतात.

एक-दोन रात्रींसाठी, जागा बरी असेल तर, मी घरच सुचवेन. हॉटेलची खोली साधारणपणे दुपारी दोन-तीनच्या पुढे मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या आत सोडावी लागते. एका रात्रीसाठी ही ये-जा करण्यात भेटीचाच वेळ जातो. पाचपेक्षा जास्त रात्री असतील तर हॉटेल, भाड्याचा छोटा फ्लॅट किंवा निम्मं-निम्मं असा विचार जरूर करा. मधल्या तीन-चार रात्रींचं उत्तर पुढच्या पायऱ्यांवर अवलंबून आहे.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव जवळपास सगळ्यांचा असतो. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली यामागचं एक कारण दाखवून दिलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धभाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, आवाजांकडे त्याचं लक्ष जास्त राहतं. तीच माणसं तिथे दुसऱ्यांदा झोपली तेव्हा हा फरक त्यांना दिसला नाही. याचा आपल्यासाठी अर्थ असा की महत्त्वाचा कार्यक्रम सकाळीच असेल तर आदल्या रात्री न पोहोचता एक रात्र आणखी आधी पोहोचा. निम्म्या रात्री घरी आणि निम्म्या हॉटेलात असं ठरवलंत तर मुक्काम एकदाच हलवा. दर हलवण्यामागे एक ‘पहिली रात्र’ वाढते.

असं विभागताना आधी घर की आधी हॉटेल? एरवी मी आधी घर म्हणेन. पहिल्या दोन रात्री गप्पा संपत नाहीत, तेव्हा एकत्र असावं आणि मग विश्रांतीला हॉटेलात जावं. पण दूरच्या देशातून येत असाल तर उलट करा. घड्याळाच्या दर तासाच्या फरकामागे शरीराला सावरायला साधारण एक दिवस लागतो असं धरतात. पहाटे तीनला टक्क जागे होऊन दुसऱ्यांच्या घरात आवाज न करता बसून राहणं दोन्ही बाजूंना जड जातं.

पायरी २: घरातली खरी जागा विचारा

‘या ना, जागाच जागा आहे’ हे वाक्य मनापासूनचं असतं, पण त्यावरून काही ठरवता येत नाही. पुढचे प्रश्न सरळ विचारा. आधी विचारले तर कुणाला राग येत नाही.

आम्ही कोणत्या खोलीत झोपणार? तिला बंद होणारं दार आहे का? त्या खोलीत एरवी कोण झोपतं, आणि ते तेव्हा कुठे झोपणार? त्याच दिवसांत आणखी कोण मुक्कामाला आहे? बाथरूम किती, आणि रात्री तिथे जायला कुणाच्या खोलीतून जावं लागतं का?

यातला ‘ते कुठे झोपणार’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्यासाठी घरातलं एखादं म्हातारं माणूस आपला पलंग सोडून खाली गादीवर झोपणार असेल, किंवा परीक्षा असलेल्या मुलाची खोली जाणार असेल, तर माझ्या मते निर्णय तिथेच झाला. कितीही आग्रह होवो, हॉटेल बघा. घरचे स्वतःहून हे सांगणार नाहीत, म्हणून आपणच विचारायचं.

बैठकीच्या खोलीत झोपायची वेळ येणार असेल तर तिचे दोन्ही परिणाम लक्षात घ्या. घरातले सगळे झोपेपर्यंत तुम्हाला आडवं होता येत नाही, आणि तुम्ही उठेपर्यंत घरच्यांना दिवा लावायला, पाणी प्यायला जायला संकोच वाटतो. दोन रात्री हे चालतं. आठवडाभर चालत नाही.

बाथरूमचा हिशोब कागदावर करा. घरात सात माणसं, बाथरूम एक, प्रत्येकाला वीस मिनिटं. झाले दोन तास वीस मिनिटं. कार्यक्रमाला नऊला निघायचं असेल तर पहिल्या माणसाने साडेसहाच्या सुमाराला आत जायला हवं. गरम पाण्याचंही तसंच. २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा साठवणीचा गीझर रिकामा झाला की पुन्हा नीट तापायला अर्धा तास तरी घेतो, आणि थंडीत त्याहून जास्त. शॉवरखाली एक माणूस दहा मिनिटांत ८० ते १०० लिटर पाणी सहज वापरतो. म्हणजे मागून जाणाऱ्यांना पाणी कोमट मिळणार, हे आधीच ठरलेलं असतं. अशा घरी उतरायचं असेल तर निम्म्यांनी रात्री अंघोळ करायची असं पोहोचण्याआधीच ठरवा. एवढ्याने सकाळची अर्धी चिडचिड कमी होते.

पायरी ३: बरोबर कोण आहे ते बघा

तान्हं बाळ असेल तर त्याची झोपायची जागा आधी, तुमची नंतर. बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, स्वतंत्र जागी झोपवायचं. आजूबाजूला उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी नकोत. सोफ्यावर मोठ्या माणसाशेजारी बाळाला झोपवणं धोक्याचं असतं, आणि पाहुणे म्हणून गेल्यावर नेमकं तेच घडतं, कारण सोफाच मोकळा असतो. घडीचा पाळणा बरोबर न्या. बरीच हॉटेलं आधी सांगितलं तर पाळणा देतात. त्यातली गादी कडेला फट न राहता बसते का, हे स्वतः हाताने तपासा. बाळ रात्री तीन-चारदा उठत असेल आणि भिंती पातळ असतील, तर हॉटेलात तुम्हालाही त्याला शांत करायला मोकळेपणा मिळतो. घरातले सगळे जागे होतील या भीतीने घाईघाईने कसंबसं झोपवण्यात आईची झोप उडते.

वृद्ध माणसं बरोबर असतील तर पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट बघा. अनोळखी घरात रात्री उठल्यावर उंबरठा, पायरी, सरकणारी सतरंजी लक्षात राहत नाही. वाटेत रात्रभर मंद दिवा, बाथरूममध्ये धरायला काहीतरी आधार आणि न घसरणारी चटई, एवढं घरी होत असेल तर घर उत्तम. होत नसेल तर हॉटेलला फोन करून लिफ्ट आहे का, बाथरूमच्या दाराशी पायरी आहे का, भिंतीला दांडा आहे का, हे विचारा. वेबसाइटवरच्या फोटोंवर विसंबू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी जमिनीवरची गादी ही सोयच नव्हे.

औषधांमध्ये इन्सुलिनचा वेगळा विचार करावा लागतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की ते वापरायचं नाही. हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रिज तितका थंड होईलच असं नाही, आणि काही ठिकाणी दाराचं कार्ड भिंतीवरच्या खाचेतून काढलं की त्याची वीजही जाते. हॉटेलच्या काउंटरवर सांगून मोठ्या फ्रिजमध्ये ठेवायची सोय होते का ते विचारा. घरी असाल तर फ्रिजमध्ये कुठे ठेवलंय ते घरच्यांना दाखवा, म्हणजे कुणी ते उचलून बर्फाच्या कप्प्याजवळ सरकवणार नाही.

मांजराची ॲलर्जी असलेल्यांना ‘तुम्ही असेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवू’ असं सांगितलं जातं. त्याने फारसा उपयोग होत नाही. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांमुळे. त्यांचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, पडद्यांना, सोफ्याला, कपड्यांना चिकटतात आणि मांजर घराबाहेर गेल्यावरही महिनोन्‌महिने तिथे राहतात. दमा असेल तर दिवसा थोडा वेळ भेटायला जा आणि झोपायला हॉटेलात. यात वाईट वाटून घेण्यासारखं कुणाचं काहीच नाही.

आजारपणाचाही एक नियम ठरवून ठेवा. उलट्या-जुलाब झालेल्या माणसाने ते थांबल्यानंतर किमान ४८ तास दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जाऊ नये. अशा साथीत हात साबण-पाण्याने धुवावे लागतात, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. घरात म्हातारी माणसं किंवा नुकतं शस्त्रक्रियेतून उठलेलं कुणी असेल तर हे फार कटाक्षाने पाळा.

आणि एक गोष्ट, जी लोक बोलायला कचरतात. ज्या घरात रात्री दारूवरून भांडणं होतात, जिथे तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा सतत पाणउतारा होतो, तिथे मुक्काम करू नका. भेटायला जा, ठरलेल्या वेळी निघा. याचं कारण कुणालाही समजावून सांगायला तुम्ही बांधील नाही.

पायरी ४: पूर्ण खर्च मांडा

हॉटेलचा खर्च म्हणजे खोलीचा दर गुणिले रात्री, एवढाच नसतो. कर, जादा माणसाचे किंवा जादा गादीचे पैसे, गाडी लावायचं भाडं, घरापर्यंत रोजची ये-जा आणि बाहेरचा नाश्ता हे सगळं मिळवा. मुलांना कितव्या वर्षापर्यंत वेगळे पैसे नाहीत, हे प्रत्येक हॉटेलचं वेगळं असतं. ते बुकिंगआधी बघा. दोन कुटुंबं जाणार असाल तर दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेला फ्लॅट स्वस्त पडू शकतो.

घरी उतरणंही फुकट नसतं. तो खर्च फक्त यजमानांच्या खिशातून जातो. जास्तीचं वाणसामान, वीज, गॅस, धुलाई, कामातून काढलेली रजा. म्हणून घरी उतरताना हॉटेलच्या खर्चाचा निदान काही भाग घरखर्चासाठी बाजूला काढा. पैसे हातात दिले तर ते घेतले जात नाहीत. बाजारात बरोबर जाऊन तुम्हीच पैसे द्या, किंवा एक संध्याकाळ सगळ्यांना बाहेर जेवायला न्या.

हॉटेलचे पैसे कोण देणार, हेही आधी स्पष्ट करा. यजमानांनी आपणहून सांगितलं नसेल तर पाहुण्यांनीच द्यायचे, असं धरून चला.

खोली बुक करताना तीन गोष्टी तपासा. रद्द केल्यास पैसे परत मिळतात का आणि शेवटची मुदत काय? ही मुदत बहुधा हॉटेलच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे असते, तुमच्या नव्हे. थोडा जास्त दर देऊन रद्द करता येणारी खोली घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण सुट्टीतले बेत बदलतात आणि मुलं आजारी पडतात. दुसरं, दोन खोल्या हव्या असतील तर ‘शेजारच्या’ आणि ‘आतून दार असलेल्या’ या वेगवेगळ्या असतात. लहान मुलं वेगळ्या खोलीत झोपणार असतील तर आतून दारच मागा आणि ते नक्की मिळणार असल्याचं लेखी घ्या. तिसरं, नातेवाईक खोलीवर भेटायला आले तर चालतं का. काही हॉटेलांत नोंद नसलेल्या माणसाला खोलीत येऊ देत नाहीत.

परदेशात जात असाल तर आणखी एक काम. व्हिसा मागताना कुठे राहणार याचा पुरावा बऱ्याच देशांना लागतो. घरी उतरणार असाल तर यजमानांचं पत्र लागू शकतं. काही देशांत परदेशी पाहुणा घरी राहिला की यजमानाने सरकारदरबारी नोंद करायची असते. हॉटेलात ते काम हॉटेल करतं. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर हे बघा.

पायरी ५: सांगायचं कसं

ज्याचे नातेवाईक, त्यानेच बोलायचं. मुलाने आपल्या आई-वडिलांशी, मुलीने आपल्या. सुनेने किंवा जावयाने हा निरोप दिला की निर्णय तिच्या किंवा त्याच्या माथी बसतो आणि पुढची कित्येक वर्षं तसाच राहतो.

बुकिंग करण्याआधी बोला, आणि फोनवर बोला. कुटुंबाच्या ग्रुपवर नको. तिथे एकाला वाईट वाटलं की दहा जण मत देतात.

आधी किती वेळ एकत्र असणार ते सांगा, मग झोपण्याचं. म्हणजे असं: “ताई, आम्ही वीस तारखेला दुपारी पोहोचतोय, पंचवीसला निघू. रोज सकाळी नऊला तुझ्याकडे येऊ आणि रात्रीचं जेवण करूनच जाऊ. झोपायला जवळच खोली बघतोय, बाळ रात्री फार उठतं आणि आम्हाला त्याच्याबरोबर दिवे लावून बसावं लागतं. पहिल्या रात्री मात्र तुझ्याकडेच राहू का?”

यात तीन गोष्टी आहेत. तारखा नक्की आहेत, कारण आपल्या गरजेचं आहे, आणि एक रात्र देऊ केली आहे. तुमचं घर लहान आहे, तुमच्याकडे गोंगाट असतो, अशी कारणं खरी असली तरी सांगू नका. आणि खोटी कारणंही नकोत. ऑफिसच्या कामाचा बहाणा सांगितला की दिवसभर लॅपटॉप उघडलेला दिसावा लागतो.

समोरून “म्हणजे आमचं घर परकं झालं का?” असं आलं तर वाद घालू नका. “नाही गं, दिवसभर तुझ्याचकडे आहोत” एवढं म्हणा आणि थांबा. पहिल्या फोननंतर एक-दोन दिवस गेले की बहुतेक माणसं शांत होतात. मात्र हो-नाही, हो-नाही असं करत राहू नका. ठरलेलं बदलत राहिलं की यजमान गाद्याही काढून ठेवतात आणि तुम्ही खोलीही ठेवता.

घरी उतरलात तर

परतीची तारीख पहिल्याच दिवशी पुन्हा एकदा बोलून दाखवा. रोज दोन-तीन तास घराबाहेर जा, मुलांना घेऊन. त्या वेळात यजमान आडवे होतात, स्वतःची कामं करतात. ‘काही मदत करू का’ असं विचारलं की उत्तर ‘नको’ येतं, म्हणून एखादं ठरावीक काम उचला: रात्रीची भांडी, सकाळचा केर, दूध आणणं. सामान एका कोपऱ्यात बंद बॅगेत ठेवा. निघायच्या दिवशी चादरी-अभ्रे काढून कुठे ठेवायचे ते विचारा आणि तिथेच ठेवा.

हॉटेलात उतरलात तर

खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर टाकू नका. आधी गादीच्या शिवणी आणि डोक्याकडची फळी मोबाइलच्या उजेडात बघा. काळे बारीक ठिपके किंवा चार-पाच मिलिमीटरचे चपटे तपकिरी किडे दिसले तर ते ढेकूण. खोली बदलून मागा, आणि लगतची नको. तोवर सामान बाथरूममध्ये किंवा धातूच्या स्टँडवर ठेवा. हे नातेवाइकांसाठीही महत्त्वाचं आहे, कारण तुमच्या बॅगेतून ते त्यांच्या घरी जाऊ शकतात.

वेळ पाळा. ‘सकाळी येतो’ म्हणून साडेअकराला पोहोचलात तर यजमान तीन तास वाट बघत बसलेले असतात. आणि फक्त जेवणाच्या ताटावर हजर होऊ नका. हॉटेलात राहणाऱ्यांवरचा खरा राग यावरच असतो. एखाद्या दिवशी कामाच्या घाईच्या वेळी लवकर जा. भाजी निवडा, म्हाताऱ्यांना फिरवून आणा, यजमानांच्या मुलांना हॉटेलवर घेऊन जा आणि त्यांना दोन तास मोकळे द्या.

बोलावणारे तुम्ही असाल तर

सगळ्यात मोठं काम म्हणजे खरं सांगणं. “दोघांसाठी खोली आहे, तिसऱ्याला बाहेर गादी घालावी लागेल, बाथरूम एकच आहे, आणि बावीस-तेवीसला मामा-मामीही असतील. यात चालेल का, की जवळचं हॉटेल बघून ठेवू?” असं विचारलं तर पाहुण्याला दोन्ही उत्तरं देता येतात. तुमची तब्येत बरी नसेल, घरात कुणाचं आजारपण असेल, तर मुक्कामाला नाही म्हणा आणि जेवायला बोलवा. वृद्ध यजमानांच्या मुलांनी यात पुढाकार घ्यावा, कारण आई-वडील स्वतः कधीच नाही म्हणत नाहीत आणि पाहुणे गेल्यावर आठवडाभर अंथरूण धरतात.

जे राहायला येतील त्यांच्यासाठी एक रिकामा कप्पा, टॉवेल अडकवायला खुंटी, पलंगाजवळ चार्जिंगची सोय, वायफायचा पासवर्ड लिहिलेला कागद आणि दाराची जादा किल्ली तयार ठेवा. किल्लीमुळे त्यांना उशिरा येताना तुम्हाला उठवावं लागत नाही. सकाळी घर किती वाजता जागं होतं तेही सांगून टाका. नाहीतर पाहुणे खोलीत आणि तुम्ही बाहेर, दोघंही एकमेकांची चाहूल घेत बसता.

पाहुणे परतल्यावर आठवड्याभरात एक फोन करा, मग तुम्ही पाहुणे असा की यजमान. काय अडचणीचं झालं, हे तेव्हा ताजं असतं आणि सांगायला सोपंही जातं. पुढच्या वर्षीच्या तारखा माहीत असतील तर कुठे उतरायचं ते त्याच फोनवर ठरवा आणि रद्द करता येणारी खोली तेव्हाच धरून ठेवा.